विकाऊ घराचे राखणदार

१

गाठ काही केल्या सुटेना, तेव्हा पा जुमनं कात्री आणून सुतळी कापली, प्लॅस्टिक ओढलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

अंगणाच्या कोपऱ्यात, शेजारच्या भिंतीला लागून, चौथऱ्यावर चार खांब रोवून राखणदारांचं, म्हणजे जागा सांभाळणाऱ्या देवांचं, लाकडी घरकुल होतं. त्यात मातीचे हत्ती जागच्या जागी होते. घोडे होते. हात जोडून बसलेल्या दोन दासी होत्या. मधली बैठक मात्र रिकामी. पांढऱ्या केसांचे वीतभर आजोबा आणि विडा खाऊन ओठ रंगलेल्या आजी, जागेचे मालक म्हणावेत असे ते दोघं, गायब.

"अगं बाई गं!" पा जुम मटकन पायरीवर बसली.

बसण्यासारखंच होतं ते. घर आज विकलं जाणार होतं. एका तरुण जोडप्याला ते पसंत पडलं होतं, पण शेवटचा शब्द नवऱ्याच्या आईचा, खुन सुनींचा, आणि त्या आज दुपारी यायच्या होत्या. खुन म्हणजे बाईसाहेब म्हणा की साहेब, इथलं आदराचं संबोधन. दलालाला त्यांनी फोनवर बजावून ठेवलं होतं, "फरशी नि रंग माझी सून बघेल. मी राखणदार बघणार. ते जिथं सुखात असतील तिथंच मी मुलाचा संसार मांडून देईन."

आणि राखणदारच उठून गेलेल्या घरात नोन्थबुरी शहरातलं कोण शहाणं माणूस पाय ठेवणार?

पा जुमचा धंदाच मुळी घरं नटवून देण्याचा. ज्यांना घर चटकन विकायचंय आणि खिशात फारसं काही नाही, ते तिला बोलावत. सगळी तिला पा, म्हणजे मावशी, म्हणत आणि पाठीमागे घरांची ब्यूटी पार्लरवाली. तिचा खाक्या ठरलेला. नवं काही घ्यायचं नाही, असलेलंच हलवायचं. या घरातही तिनं जुनं सागवानी कपाट घासूनपुसून दारासमोर आणलं होतं, आरसा खिडकीसमोर टांगला होता, बाजारातल्या उरल्यासुरल्या कापडाचे पडदे शिवले होते आणि गल्लीतून बोगनवेलीच्या कुंड्या चार दिवसांच्या बोलीवर मागून आणल्या होत्या. पाहुणे यायच्या आधी गवती चहा उकळायचा की घरभर वास दरवळतो, ही तर तिची हुकमी युक्ती. परवा वाळवीवाला फवारणी करायला आला आणि त्याच दिवशी गेटलाही रंग द्यायचा होता, तेव्हा तिनं कुंड्या, बाक, राखणदारांचं घरकुल, सगळं प्लॅस्टिकखाली झाकून टाकलं होतं.

परवा होते ते. मग मधल्या वेळात कोणी नेले?

२

घरमालकिणीची मुलगी विलाई ओले हात पुसत बाहेर आली आणि रिकामी बैठक बघून तिथंच खिळली. ती दूर उत्तरेत, लाम्पांगला, शाळेत शिकवायची. म्हातारी आई इकडे एकटी. मागच्या पावसाळ्यात आई जिन्यावरून पडली आणि संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहिली. भिंतीपलीकडच्या लुंग थवींनी, म्हणजे थवीकाकांनी, कण्हणं ऐकलं म्हणून निभावलं. तेव्हापासून विलाईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. लाम्पांगला शाळेला लागूनच एक बसकं घर मिळत होतं, जिना नाही, उंबरा नाही. त्याच्या मालकानं निव्वळ ओळखीवर ते या आठवड्याअखेरपर्यंत अडवून ठेवलं होतं.

"आज सौदा फिसकटला तर ते घर गेलं, पा," ती म्हणाली. "मग आई पुन्हा एकटी, आणि तो जिना. मला नाही हे सहन होणार."

तेवढ्यात तिचा भाऊ प्रसर्त हातात रंगाचा डबा घेऊन आला. लगेच विलाईची नजर त्याच्यावर खिळली. घर विकायला याचा पहिल्यापासून विरोध. खोल्या विद्यार्थ्यांना भाड्यानं द्याव्यात असं त्याचं म्हणणं.

"माझ्याकडे काय बघतेस?" तो उसळला. "मी नेले? मी? लहानपणी या आजींच्या समोरून जाताना मी डोळे मिटून पळायचो, आठवतं ना? परवा गेट रंगवायच्या आधीसुद्धा हात जोडले. म्हटलं, आजोबा, एखादा थेंब उडाला तर पोटात घाला."

"ते झाकलेले असताना?" पा जुमनं विचारलं.

"झाकलं म्हणून ऐकू येत नाही होय? कमाल करता तुम्ही पण!"

पा जुमला हसू आलं, पण ते वाक्य तिच्या मनात कुठंतरी रुतलं. तिनं गेट निरखलं. रंग स्वस्तातला, अजून चिकट. त्यावर बोटाचा ठसा नाही की ओरखडा नाही. दोन्ही दिवस कुलूप होतं आणि घरची माणसं मागच्या दारानं ये-जा करत होती, ज्याला आतून कडी असायची.

"म्हणजे बाहेरचं कोणी आलेलं नाही," प्रसर्त म्हणाला आणि बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. बहीणभावांनी एकदमच वर बघितलं. वरच्या खिडकीत त्यांची आई, गल्लीची याय लमून, म्हणजे लमूनआजी, उभी होती.

३

ती खाली येईपर्यंत दलाल हजर झाला. त्याचं नाव खुन अनुचा. नेहमीप्रमाणे अत्तर मारून, चकाचक. याच गल्लीत त्याच्याकडे आणखी एक घर विकायला होतं, त्यामुळे पा जुमचा पहिला संशय खरं तर त्याच्यावरच. पण बातमी ऐकून तो असा काही पांढराफटक पडला की तिचा संशय जागीच विरला.

"खुन सुनी माझी सालं काढतील! हे बघा, बाजारात अशी जोडी पाहिजे तेवढी मिळते. मी आत्ता घेऊन येतो. कोणाला कळतंय?"

"मला कळेल," याय लमून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबून म्हणाली. "वा रे वा! तुझे आईबाप हरवले तर बाजारातून दुसरे आणशील का तू?"

अनुचानं बाजाराचा विषय सोडला. विधी न करता नवी जोडी बसवणं म्हणजे परक्याला नुसतं घरात घुसवणं, हे त्यालाही माहीत होतंच.

पा जुमनं याय लमूनला बाकावर बसवलं आणि बाकीच्यांना कुंड्या उघडायला पिटाळलं.

"याय, सरळच विचारते, राग मानू नका. तुम्हाला जायचं नाहीये का?"

"कोण म्हणतं? त्या जिन्याला मी रोज शिव्या घालते. आणि पोरगी तिकडे झुरते, ते मला दिसत नाही होय? मला जायचंय." मग जरा थांबून ती म्हणाली, "जिवाला लागतं ते निराळं. इथं बोलायला माणूस आहे. तिकडे सगळे नवे."

"मग राखणदार..."

"अगं, मी त्यांच्यापर्यंत पोचले तर नेणार ना! गुडघे गेल्यापासून त्या चौथऱ्यावर मी चढलेच नाही."

पा जुमचे कान टवकारले. "मग रोज सकाळची लाल सरबताची बाटली कोण ठेवतं? मी घर बघायला आले तेव्हापासून रोज ताजी बघते आहे."

"प्रसर्त ठेवतो. कामावर जाताना डबा द्यायला येतो ना, तेव्हा."

"मी?" कुंडीवरचं प्लॅस्टिक तसंच हातात धरून प्रसर्त ओरडला. "आई, तू ठेवतेस ना?"

"मला तर वाटायचं आई ठेवते," विलाई म्हणाली.

इतका काळ या घरच्या राखणदारांना कोण जेवूखाऊ घालत होतं, ते घरातल्या एकालाही माहीत नव्हतं.

४

पा जुम पुन्हा घरकुलापाशी गेली. आता घाबरून नव्हे, डोळ्यांत तेल घालून बघायला.

बैठक ओल्या फडक्यानं पुसलेली होती. उदबत्तीच्या भांड्यात वरच्या थराला ताज्या काड्या होत्या, म्हणजे नेणाऱ्यानं आधी हात जोडून परवानगी मागितली. ज्याला चोरी करायचीय तो परवानगी मागत बसत नाही. आणि ती सुतळी! पा जुमच्या हातची गाठ एका ओढीत सुटते, रोजचंच काम आहे तिचं. ही गाठ दुसऱ्या कोणीतरी मारली होती, चांगली करकचून. राखणदारांना काढून घेतल्यावर त्या माणसानं हत्ती-घोड्यांवर रंग उडू नये म्हणून घरकुल पुन्हा नीट झाकलं होतं.

असं कोण करतं? ज्याचा जीव आहे तो.

आणि आत सरबताची बाटली नव्हती. एवढं मायेनं करणारं माणूस, त्याच दिवशी सरबत द्यायचं विसरलं? छे. त्यानं सरबत दिलं असणार. राखणदार जिथं होते तिथं.

"विलाई, गवती चहा चुलीवर चढव," असं सांगून ती मागच्या दारानं निघाली आणि थेट कोपऱ्यावरच्या जे कीमच्या, म्हणजे कीमताईच्या, दुकानात धडकली. जे कीम पंख्यापुढे बसून शेंगा सोलत होती.

"ये, ये, पार्लरवाली! झालं का लग्न लागून घराचं?"

"नवरीचे आईबाप पळालेत. मला सांग, लाल सरबत रोज कोण नेतं?"

"सगळी गल्ली नेते. पण सगळे खोक्यानं नेतात, महिन्याचं एकदम. स्वस्त पडतं."

"सुटी बाटली? रोजची रोज, थंडगार?"

जे कीमचा हात थांबला. "एकच माणूस. मी रोज त्याच्यावर तोंड टाकते, अहो तुम्हाला साखरेचा आजार, डॉक्टरनं काय सांगितलंय? तर म्हणतो, माझ्यासाठी नाही गं, दोन नळ्या दे फक्त."

"काल नेली?"

"काल नेली, आज नेली. आज तर वर केळीही नेली." तिनं शेंगेनंच भिंतीपलीकडच्या घराकडे बोट दाखवलं.

५

लुंग थवींच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ते पूर्वी पंखे दुरुस्त करायचे, आणि लोकांनी परत न नेलेले सगळे पंखे अजून तिथंच होते. बाहेर अंगणाच्या भिंतीशी एक प्लॅस्टिकचं स्टूल होतं. त्यावर उभं राहिलं की पलीकडचं घरकुल सहज हाताला येई. पा जुमला आता गेटवर ठसा का नव्हता ते विचारायची गरज उरली नाही.

आतल्या टेबलावर, स्वच्छ रुमालावर, आजोबा-आजी बसले होते. पुढ्यात लाल सरबत, त्यात दोन नळ्या, बाजूला केळी. आणि त्यांच्या अंगावर वारा येईल असा एक पंखा मंद फिरत होता.

"लुंग थवी," पा जुम म्हणाली, "तिकडे आमची पाचावर धारण बसलीय."

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. "तू त्यांना प्लॅस्टिकखाली कोंबलंस, जुम. वरून ते वाळवीचं औषध. माझे इथं भिंतीअलीकडे डोळे झोंबत होते. तू उदबत्ती लावून त्यांना सांगितलं होतंस का, की जरा वेळ झाकते म्हणून?"

पा जुमनं स्वतःच्याच कपाळावर हात मारला. नव्हतं सांगितलं. प्रसर्तसारखा भित्रटही झाकलेल्यांना सांगून काम करतो, आणि तिनं मात्र राखणदारांना कुंड्यांच्या रांगेत बसवून सगळं एकसाथ गुंडाळलं होतं. चोर शोधत शोधत ती स्वतःच्याच दारात येऊन उभी राहिली होती.

"चुकलं माझं," तिनं लागलीच हात जोडले, आधी टेबलाकडे आणि मग म्हाताऱ्याकडे. "पण औषधाचा वास तर कालच गेला. मग काल का नाही परत ठेवलेत?"

"मी त्यांना विचारलं. दोन नाणी टाकली. एक छापा, एक काटा आला तर हो, नाहीतर नाही. ते नाही म्हणाले."

"पहिल्याच फटक्याला?"

पंखा फिरत राहिला. लुंग थवींनी रुमालाचं टोक सरळ केलं.

"लुंग."

"पहिल्यांदा हो आलं," ते पुटपुटले. "मग म्हटलं, खात्री करून घ्यावी. पुन्हा हो आलं. मग पुन्हा टाकली."

"आणि नाही येईपर्यंत टाकत राहिलात."

"हे परत गेले की घर विकलं जाणार. घर विकलं गेलं की ती जाणार." त्यांचे डोळे भरून आले. "तिचे गुडघे धरले तेव्हापासून मी सरबत देतोय. सकाळी स्टुलावर चढलो की ती खिडकीत दिसते. विचारते, जेवलास का रे थवी? सकाळी सकाळी कोणी जेवतं का? पण विचारते. मला दुसरं कोण विचारतंय?"

पा जुमनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"चला, लुंग. ती पुन्हा जिन्यावरून पडलेली तुम्हाला चालणार आहे का?"

म्हातारा डोळे पुसून उठला. तबक शोधलं, रुमाल अंथरला. तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. पा जुमनं भिंतीवरून डोकावून बघितलं. गेटसमोर खुन सुनी मुलासह उतरत होत्या, ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी.

६

आता लपवाछपवीला जागाच नव्हती. खुन सुनी गेटमधून आत शिरल्या आणि त्यांच्या मागोमाग हातात तबक घेतलेले लुंग थवी, तबकात आजोबा-आजी आणि त्यांच्या डोक्यावर छत्री धरून पा जुम अशी वरात आली. बाकावरून याय लमून उठून उभी राहिली. अनुचानं डोळेच मिटून घेतले.

"हे काय?" खुन सुनींनी विचारलं.

पा जुमच्या जिभेवर एक सुरेख थाप तयार होती. घरं विकून विकून तिला त्याची सवय होती. पण लुंग थवी आधीच बोलून गेले.

"औषधाच्या वासानं त्यांना त्रास झाला असता, म्हणून माझ्याकडे नेले होते. यांना काही माहीत नव्हतं. चूक माझी."

"तुमच्याकडे कुठं बसवलं होतं?"

"टेबलावर. पंख्यासमोर."

"खायला?"

"सरबत. केळी. रोजचं सरबत मीच देतो, याय लमूनला चढवत नाही म्हणून."

खुन सुनींनी राखणदारांकडे बघितलं, मग त्या म्हाताऱ्याकडे. लुंग थवींनी दोघांना बैठकीवर ठेवलं, उदबत्ती लावली, आणि पा जुमनं मोठ्यांदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं, झाकल्याबद्दल माफी मागितली. खुन सुनींनीही हात जोडले. स्वयंपाकघर त्यांनी बघितलंच नाही. गवती चहाचा वास फुकट गेला.

"घेऊन टाक," त्या मुलाला म्हणाल्या. "असा शेजार मला अख्ख्या नोन्थबुरीत मिळाला नाही."

विलाई भर अंगणात रडायला लागली आणि प्रसर्तनं तिला जवळ घेतलं. भाड्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

७

सामान निघायच्या दिवशी पा जुम आपले पडदे न्यायला आली होती. खुन सुनी किल्ल्या घ्यायला आल्या होत्या. याय लमून शेवटची म्हणून अंगणात उभी होती, आणि भिंतीवरून लुंग थवींचं डोकं दिसत होतं.

"नाण्यांचं सांगितलं मला जुमनं," याय लमून म्हणाली. "शोभतं का रे हे? त्या बिचाऱ्यांना कशाला मधे घातलंस? मला सरळ म्हणायचं होतंस ना, जाऊ नकोस म्हणून."

"म्हटलं असतं तर राहिली असतीस?"

"नसते राहिले. पण चल म्हटलं असतं."

लुंग थवी स्टुलावरून पडता पडता वाचले. भिंतीपलीकडून खाकरणं ऐकू आलं. मग डोकं पुन्हा वर आलं, कान लालेलाल.

"जुम," ते म्हणाले, "माझं हे घर लवकर विकायचं तर काय काय करावं लागेल गं?"

पा जुमच्या डोळ्यांपुढून ते सगळे पंखे सरकले. पण तिनं तोंड उघडायच्या आत खुन सुनी किल्ल्या हातात घट्ट धरून मधे आल्या. "अहो, हे काय चाललंय? मी हे घर यांच्या भरवशावर घेतलंय! शेजारासकट!"

"सौदा घराचा झालाय, खुन सुनी," याय लमून ठणकावून म्हणाली. "माणूस मी घेऊन चाललेय. सरबत कधी नि कसं द्यायचं ते तो तुमच्या सुनेला शिकवूनच निघेल."

विलाईच्या हातातलं गाठोडं खाली पडलं. पा जुमनं पडदे बाकावर टाकले आणि लुंग थवींचं घर बघायला ती मागच्या दारानं निघाली.